खासगी कौटुंबिक ट्रस्ट मुदतीआधी मोडायचा किंवा बदलायचा असेल तर

"घरातले सगळे तयार आहेत, ट्रस्ट मोडून टाकू," असं अनेक जण म्हणतात. पण 'सगळे' म्हणजे कोण, हे ट्रस्ट डीड, म्हणजे ट्रस्ट स्थापन करणारा मूळ दस्त, ठरवतं. म्हणून आधी त्यातलं लाभार्थ्यांचं कलम शांतपणे वाचा. तिथे 'मुलगी व तिला होणारी अपत्ये' असं असेल, तर एकट्या मुलीच्या सहीने भागत नाही. अजून न जन्मलेली नातवंडंही त्या ओळीत आहेत.

खासगी ट्रस्टला भारतीय न्यास अधिनियम, १८८२ लागू होतो. कलम ७८ नुसार ट्रस्ट करणाऱ्याने तो रद्द करण्याचा अधिकार डीडमध्ये स्पष्ट राखून ठेवला असेल, तर तो वापरता येतो. नसेल, तर सर्व लाभार्थी सज्ञान आणि करार करण्यास सक्षम हवेत, आणि सर्वांची संमती हवी. मृत्युपत्रातला ट्रस्ट मात्र मृत्युपत्र करणारा हयातीत केव्हाही रद्द करू शकतो.

ट्रस्ट करणारी व्यक्ती आज नसेल तरी वाट बंद होत नाही. कलम ५६ प्रमाणे लाभार्थी एकच आणि सज्ञान असेल तर तो, किंवा सर्व लाभार्थी सज्ञान आणि एकमताचे असतील तर ते, 'मालमत्ता आमच्या नावावर करा' असं विश्वस्तांना सांगू शकतात. इथे एक अपवाद आहे. विवाहित स्त्रीला आपला लाभ सोडता येऊ नये अशा अटीवर मालमत्ता दिली असेल, तर विवाह टिकून असेपर्यंत तिला ही मागणी करता येत नाही. वडिलांनी लेकीच्या संरक्षणासाठी घातलेली ही अट पुष्कळदा कुणाच्या लक्षातच नसते.

ट्रस्ट ठेवून फक्त अटी बदलायच्या असतील, तर कलम ११ पाहा. त्यालाही सर्व सक्षम लाभार्थ्यांची संमती लागते. लाभार्थी अज्ञान (अल्पवयीन) असेल, तर त्याच्या वतीने संमती मुख्य दिवाणी न्यायालय देतं. आईवडिलांची सही त्या जागी धरून चालू नका.

कागद असे जमवा: मूळ डीड व पुरवणी दस्त, प्रत्येक लाभार्थ्याचा वयाचा पुरावा व ओळखपत्र, लेखी संमती, विश्वस्तांचा ठराव, आजवरचे हिशेब, ट्रस्टचं पॅन, आणि सातबारा किंवा मालमत्ता पत्रक. स्थावर मालमत्ता असेल तर दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. मुद्रांक शुल्क आधीच विचारून घ्या. विश्वस्तांनी आधी रीतसर केलेले व्यवहार रद्द केल्याने उलटत नाहीत (कलम ७९), तेव्हा देणी फेडूनच वाटणी करा.

देवस्थान, शाळा, धर्मादाय संस्था यांना हे काहीच लागू नाही. महाराष्ट्रात त्यांचा अर्ज १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे जातो.