‘फ्यूज आहे ना, मग द्या जोड!’

गाडीत फॉग लॅम्प, हॉर्न किंवा डॅशकॅम बसवताना एक सल्ला हमखास मिळतो: टेस्टर लावा, 12 व्होल्ट दिसले की त्या वायरला जोड द्या, काही झालंच तर फ्यूज उडेल. यातला शेवटचा भाग सगळ्यात घातक.

फ्यूज उपकरण वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. कंपनीने 15 अँपिअरचा फ्यूज दिला तो त्या सर्किटची वायर बघून. तिथून तुम्ही जेमतेम 3 अँपिअर पेलणारी बारीक वायर काढली आणि ती पुढे कुठे अर्धवट शॉर्ट झाली, तर तिच्यातून 10 अँपिअर खुशाल वाहतील. आवरण वितळेल, फ्यूज शाबूत राहील. दुसरीकडे, 55 वॅटचे दोन फॉग लॅम्प म्हणजे साधारण 9 अँपिअर. हा भार पार्किंग लाइटच्या वायरवर टाकला की फ्यूज उडतो आणि मग कुणीतरी मोठा फ्यूज घालतो. हा तर आगीला दिलेला परवानाच!

शिवाय टेस्टर व्होल्टेज दाखवतो, वायरचं काम नाही. अनेक नव्या गाड्यांत कंट्रोल मॉड्यूल (गाडीतला छोटा संगणक) दिव्यांच्या करंटवर लक्ष ठेवतं; भार वाढला की सर्किटच बंद करतं. कॅन बसच्या, म्हणजे मॉड्यूल्समधले संदेश वाहणाऱ्या वायरींच्या, पिळलेल्या जोडीला आणि एअरबॅगच्या वायरिंगला तर हातही लावू नये.

जड भारासाठी बॅटरीपासून वेगळी वायर, बॅटरीजवळच फ्यूज आणि मध्ये रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. डॅशकॅमला फ्यूज बॉक्समध्ये फ्यूजच्या जागी बसणारा जोड, म्हणजे फ्यूज टॅप, पुरतो. त्यात जोडणीचा स्वतंत्र फ्यूज असतो.