दहा बाय बाराच्या अंगणातली सावली

कोल्हापूरच्या जुन्या घरांना पुढे सोपा आणि मागे परडे असे, आणि घराचा बराचसा दिवस तिथेच सरत असे. आता परड्याची जागा दहा बाय बारा फुटांवर आली आहे. तेवढीही पेव्हिंग ब्लॉकने झाकून कडेला कुंड्या मांडल्या की मे महिन्यातल्या दुपारी तिथे पाय ठेववत नाही. माझ्या मते लहान बाग आखताना रोपांच्या आधी सावलीचा विचार करावा: आपण जेव्हा तिथे बसणार, तेव्हा ऊन कुठून येईल?

कोल्हापूर सुमारे १६.७ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि कंपाउंडची भिंत कितीही उंच असली तरी तिची सावली पायथ्याशीच विरते. म्हणून बसायच्या जागेला वरून आच्छादन लागते, आणि ते पत्र्याचे नसून मधुमालतीसारख्या वेलीच्या मांडवाचे असावे. पत्रा तापतो आणि ती उष्णता खाली बसलेल्यांवर सोडतो. पान मात्र मुळांनी वर आणलेले पाणी बाष्परूपाने सोडून स्वतःला थंड ठेवते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४ लाख ज्यूल, म्हणजे विजेच्या दोन तृतीयांश युनिटाइतकी उष्णता शोषली जाते. संध्याकाळचे तिरपे ऊन मात्र मांडवाखाली शिरतेच, त्यासाठी पश्चिमेला एखादे झाड हवे. थंड देशांतल्या बागांसाठी पानझडी झाड सुचवले जाते. आपल्याकडे पुष्कळ पानझडी झाडे ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर उघडी पडतात, त्यामुळे सदाहरित, आटोपशीर वाढणारा कलमी सोनचाफा अधिक उपयोगी.

आता पायाखालच्या जमिनीकडे वळू. शहरात वर्षाला साधारण १,००० मिलिमीटर पाऊस पडतो असे धरले, तर एवढ्याशा अंगणावर सुमारे ११,००० लिटर पाणी पडते, आणि फरशी पूर्ण असेल तर त्यातले बहुतेक गटारात जाते. नुसती काळी माती ठेवूनही भागत नाही, कारण तिच्यातील चिकणमातीचे कण पाण्याने फुगतात, भेगा मिटतात आणि पाणी फार हळू मुरते. तिच्यात शेणखत व पालापाचोळ्याचे खत मिसळल्यास कण एकमेकांना धरून दाणेदार होतात आणि मधल्या पोकळ्यांतून पाणी उतरते. चालण्यापुरते जांभ्याचे चिरे सुटे बसवावेत, सांधे सिमेंटने भरू नयेत. कुंड्यांखालच्या ताटल्यांतले पाणी आठवड्यातून एकदा ओतून टाकावे, कारण उन्हाळ्यात डासाच्या अंड्यापासून पूर्ण डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

नोकरदार घरात बाग बहुधा अंधार पडल्यावरच वापरात येते, तेव्हा फुले निवडतानाही तीच वेळ धरावी. रातराणी आणि पारिजातक यांची फुले फिकट व सुवासिक असतात, कारण त्यांच्याकडे येणारे पतंग अंधारात गंधाच्या आणि फिक्या रंगाच्या आधाराने फूल शोधतात. पारिजातकाखाली मात्र मातीच राहू द्यावी. पहाटे गळालेली फुले ओल्या मातीवर जास्त वेळ ताजी राहतात.