मायक्रोआरएनए आणि अस्थिसुषिरता

मायक्रोआरएनए म्हणजे साधारण 22 न्यूक्लिओटाइडांचा आखूड आरएनए. त्यापासून प्रथिन बनत नाही. दुसऱ्या जनुकाच्या संदेशवाहक आरएनएला चिकटून तो त्याचे प्रथिन बनणे रोखतो. व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रव्हकन यांना सूत्रकृमीतील 1993 च्या या शोधासाठी 2024 चे नोबेल मिळाले.

हाड आयुष्यभर पोखरले जाते आणि भरले जाते; पोखरणे वरचढ झाले की हाड ठिसूळ होते, तीच अस्थिसुषिरता (ऑस्टिओपोरोसिस). भरणाऱ्या अस्थिजनक पेशी घडायला रनएक्स2 हे प्रथिन लागते. मिर-204 (‘मिर’ म्हणजे मायक्रोआरएनए) ते दाबतो, मग मज्जेतील मूळ पेशी हाडाऐवजी चरबीकडे वळतात. मिर-2861 चे काम नेमके उलटे: रनएक्स2 ला मोडीत काढणाऱ्या एचडीएसी5 या प्रथिनालाच तो आवरतो. पोखरणाऱ्या अस्थिभंजक पेशींना मिर-21 बळ देतो, मिर-34ए अटकाव करतो. म्हणून ‘मायक्रोआरएनए वाढला की हाड ठिसूळ’ असे सरसकट म्हणणे चूक.

रक्तातून हे मायक्रोआरएनए मोजताना खरा घोळ नमुन्यातच होतो. रक्त गोठू नये म्हणून नळीत रसायन असते. हेपारिनच्या नळीत घेतलेले रक्त पीसीआर (प्रती वाढवून आरएनए मोजणारी चाचणी) बिघडवते. ईडीटीएची नळी घ्यावी. सुमारे दोन तासांत यंत्रात फिरवून प्लाझ्मा (रक्तातला पेशींवाचूनचा द्रव) वेगळा करावा, बिंबाणू (प्लेटलेट) राहू नयेत म्हणून तो पुन्हा एकदा फिरवावा आणि उणे 80 अंशांवर ठेवावा. विदर्भातल्या 45 अंशांच्या उन्हात खेड्यातून दुचाकीवर नळी तालुक्याला पोचेतो तांबड्या पेशी फुटतात. पांढऱ्या कागदासमोर धरलेला प्लाझ्मा पिवळसर न दिसता गुलाबी दिसला, की त्यात पेशींतला मिर-451 मिसळला असे समजावे. मिर-23ए आणि मिर-451 दिसायला लागणाऱ्या पीसीआर चक्रांच्या संख्यांतला फरक 7 च्या वर गेला, तर तो नमुना बाद करावा. पूर्व विदर्भात सिकलसेलचे (तांबड्या पेशी विळ्यासारख्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराचे) रुग्ण बरेच. त्यांच्या तांबड्या पेशी शरीरातच फुटतात. तिथे नमुना घेणाऱ्याला दोष देण्याआधी रुग्णाची सिकलसेल तपासणी पाहावी. हा आजार खुब्याचा गोळाही निकामी करतो, त्यामुळे खुबा दुखतो म्हणजे अस्थिसुषिरताच असे नव्हे.

यवतमाळ-चंद्रपूरच्या फ्लोराइडयुक्त विहिरींचे पाणी वर्षानुवर्षे प्यायलेल्यांत वेगळाच चकवा असतो: डेक्सात (हाडांची घनता मोजणाऱ्या क्ष-किरण तपासणीत) हाड घट्ट दिसते, तरी ते कच्चे असते. निदान आजही मुख्यतः डेक्सावर होते. पन्नाशीनंतर खुब्याचा किंवा मणक्याचा टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडाच्या तुलनेतला घनतेचा आकडा) उणे 2.5 किंवा त्याखाली असला, की अस्थिसुषिरता. साध्या पडण्याने मनगट वा खुबा मोडलेल्या बाईला मायक्रोआरएनएच्या अहवालासाठी थांबवू नये.