यूकेत लॉटरीच्या पैशातून ग्रँट, छोट्या मंडळांनी अर्ज कसा करायचा

इकडे कॉर्नर शॉपमध्ये नॅशनल लॉटरीचं तिकीट काढणारा माणूस पुष्कळदा बेताच्या पगारातला असतो, आणि त्या तिकिटातला काही हिस्सा समाजकामाला जातो. त्यातले 40 टक्के आरोग्य, शिक्षण, पर्यावरण आणि सेवाभावी कामांना, बाकी खेळ, कला आणि वारसा यांना प्रत्येकी 20. मग हे पैसे परत त्याच गल्लीत यायला हवेत की नाही? छोट्या ग्रुपसाठी त्याची सोपी वाट म्हणजे ‘अवॉर्ड्स फॉर ऑल’, नॅशनल लॉटरी कम्युनिटी फंडाची ग्रँट योजना. इंग्लंडमध्ये 300 ते 20,000 पौंड, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी.

चॅरिटी म्हणून नोंदणी असलीच पाहिजे असं नाही, साधं मंडळही चालतं, फक्त लेखी घटना, म्हणजे मंडळाची नियमावली, हवी, आणि मंडळ बंद पडलं तर शिल्लक सभासदांनी वाटून घ्यायची नाही, हे त्यात लिहिलेलं असावं. सोबत हिशोब (ग्रुप नवा असेल तर पुढच्या 12 महिन्यांचा अंदाज), आणि गेल्या तीन महिन्यांतलं बँक स्टेटमेंट. स्टेटमेंटवरचं आणि घटनेतलं नाव अक्षरशः एकच हवं, एकीकडे ‘मित्र मंडळ’ आणि दुसरीकडे ‘मित्रमंडळ’ असलं काही ठेवू नका.

आता खरी गोची. खात्यातून पैसे काढायला दोघांची मंजुरी लागते आणि ते दोघं नात्यातले नकोत, म्हणजे नवरा-बायको नाही, दीर-भावजय नाही, एका पत्त्यावर राहणारेही नाही. फॉर्मवर जी दोन माणसं संपर्कासाठी द्यायची त्यांनाही हेच लागू. आपली निम्मी मंडळं तर अशीच चालतात ना, सेक्रेटरी काका, खजिनदार काकू! माझ्या ओळखीतल्या एका महिला ग्रुपचं सगळं तयार होतं आणि इथेच अडकलं, दुसरी सही घालायला बँकेने दोन महिने घेतले. वैताग आला खरा, पण नियम मला पटतो, पैसा लोकांचा आहे, एका घरात फिरायला नको.

मला खटकतं ते वेगळंच. अर्जाला फी नाही, एजंटची गरज नाही, तरी ज्याला सफाईदार इंग्रजी लिहिता येतं त्याचं पारडं जड होणारच, अर्ज भरपूर येतात आणि पैसे मोजकेच. म्हणून भारी शब्द सोडा, सरळ लिहा: कोण येणार, किती जण, ही गरज तुम्हाला कोणी सांगितली. ‘संस्कृती जपणे’ एवढ्यावर भागत नाही, तुमच्या सभासदांपलीकडे शेजारच्या लोकांना काय मिळणार ते दिसलं पाहिजे. गणपतीच्या पूजेला पैसे मिळणार नाहीत, पण एकट्या पडलेल्या आजी-आजोबांसाठी दर बुधवारी सगळ्यांना खुला असा चहा-गप्पांचा कट्टा असेल तर तो बसतो यात.

निर्णयाला साधारण 16 आठवडे धरा. दिवाळीच्या सुमाराला काही सुरू करायचं असेल तर मे-जूनलाच अर्ज टाका, आणि तोवर हॉलचं डिपॉझिट भरून ठेवू नका, आधी झालेला खर्च फंड देत नाही.