पालक-रजा, स्वीडनमधील

मूल जन्मल्यावर किंवा दत्तक घेतल्यावर आई आणि वडील या दोघांनाही भत्त्यासह मिळणारी रजा. ती १९७४ साली, ओलोफ पाल्मे पंतप्रधान असताना सुरू झाली. त्याआधी अशी रजा फक्त आईला मिळे. तिच्या जागी दोघांपैकी कोणालाही घेता येईल अशी रजा कायद्याने देणारा स्वीडन हा पहिला देश. १९७१ पासूनच तेथे पती-पत्नींच्या मिळकतीवर वेगवेगळा कर आकारला जाऊ लागला होता. बायकांनी नोकरी करावी आणि पुरुषांनी घरातला भार उचलावा, हा दोन्ही बदलांमागचा उघड हेतू होता.

सुरुवातीला १८० दिवस आणि पगाराच्या ९० टक्के भत्ता अशी सोय होती. पहिल्या वर्षी वापरल्या गेलेल्या दिवसांपैकी वडिलांचा वाटा जेमतेम अर्धा टक्का भरला. सरकारने मग जाहिराती केल्या. लेनार्ट डालग्रेन हा दणकट वेटलिफ्टर तान्हे बाळ हातात घेऊन हसतो आहे, हे त्यातले पोस्टर तेथे अजूनही लोकांना आठवते. पोस्टर गाजले, पण पुरुष रजेवर गेले नाहीत. दिवस कागदोपत्री दोघांचे असले तरी एका सहीने ते बायकोच्या नावे करता येत, आणि बहुतेक जण तेच करत.

खरा फरक पडला तो ही सही अडवल्यावर. १९९५ पासून ३० दिवस प्रत्येक पालकासाठी राखून ठेवण्यात आले. ते दुसऱ्याला देता येत नाहीत, न वापरल्यास बुडतात. ही क्लृप्ती मूळची नॉर्वेची, १९९३ सालची. स्वीडनमध्ये ती लिबरल पक्षाचे मंत्री बेंग्ट वेस्टरबर्ग यांनी रेटली. राखीव दिवस २००२ मध्ये ६० आणि २०१६ मध्ये ९० झाले. दरम्यान २००८ मध्ये रजा समान वाटून घेणाऱ्या जोडप्यांना बोनस देऊन पाहिला. त्याने वागणुकीत फारसा फरक पडला नाही आणि २०१७ मध्ये तो बंद झाला. आमिषापेक्षा हक्क बुडण्याची भीती अधिक कामाची ठरली, असेच म्हणावे लागते. आता वडील सुमारे ३० टक्के दिवस घेतात. म्हणजे निम्म्यापासून ते अजून दूरच आहेत.

सध्या एका मुलामागे एकूण ४८० दिवस मिळतात. त्यांपैकी ३९० दिवसांचा भत्ता पगाराच्या सुमारे ८० टक्के असतो, पण त्याला कमाल मर्यादा आहे; उरलेल्या ९० दिवसांना रोज १८० क्रोनर. मर्यादेपुढच्या पगारावर काहीच मिळत नसल्याने जास्त कमावणाऱ्याने घरी राहणे कुटुंबाला महाग पडते, आणि तो बहुधा नवराच असतो. कामगार संघटनांच्या करारांमुळे अनेक मालक काही महिने वरची भर घालतात. मूळ भत्ता मात्र मालक थेट देत नाही. सर्व मालकांकडून घेतलेल्या सक्तीच्या वर्गणीतून तो सामाजिक विमा कार्यालय देते, त्यामुळे एखाद्या छोट्या दुकानदारालाही कामगाराच्या बाळंतपणाचा खर्च एकट्याने सोसावा लागत नाही.

रजा सलग घ्यावी लागत नाही. दिवसाचा काही भागही घेता येतो. मूल आठ वर्षांचे होईपर्यंत कामाचे तास पाव हिश्शाने कमी करून घेण्याचा हक्क पालकांना आहे. आजारी मुलासाठी वेगळी सोय आहे, तिला 'व्हॅब' म्हणतात. बारा वर्षांखालील मुलासाठी वर्षाला १२० दिवसांपर्यंत ती वापरता येते.

जुलै २०२४ पासून प्रत्येक पालकाला ४५ दिवस आजी-आजोबांना किंवा इतर कोणालाही देता येतात. मात्र घेणारी व्यक्ती स्वीडनच्या सामाजिक विम्यात असावी लागते. त्यामुळे नातवंड सांभाळायला व्हिसावर पुण्याहून स्टॉकहोमला गेलेल्या आजीला यातला एकही दिवस मिळत नाही.

राखीव दिवसांची कल्पना पुढे युरोपभर गेली. आइसलँडने २००० साली आईला तीन महिने, वडिलांना तीन आणि सामाईक तीन अशी विभागणी केली. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार प्रत्येक पालकाला किमान चार महिन्यांची रजा असून त्यातले दोन महिने दुसऱ्याला देता येत नाहीत. जन्माच्या वेळी वडिलांना दहा दिवसांची रजा वेगळी आहे. हे सगळे ऑगस्ट २०२२ पर्यंत सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात आणायचे होते. त्या दोन महिन्यांचा भत्ता किती असावा, हे मात्र निर्देशाने ज्या त्या देशावर सोपवले आहे.