गुरांची ट्युबरक्युलिन चाचणी (ब्रिटन)

मायकोबॅक्टेरियम बोव्हिस या जंतूमुळे होणाऱ्या क्षयरोगाची लागण झालेली गुरे हुडकून ती कळपातून काढून टाकण्यासाठी ब्रिटनमध्ये कायद्याने राबविली जाणारी त्वचाचाचणी. रॉबर्ट कॉख यांनी 1890 मध्ये क्षयावरील औषध म्हणून पुढे आणलेले ट्युबरक्युलिन (क्षयजंतूंपासून काढलेला अर्क) उपचारात निरुपयोगी ठरले. निदानाचे साधन म्हणून मात्र ते पशुवैद्यकात लवकरच रुळले. गुरांचा क्षय माणसाला फारसा बाधत नाही, असे मत कॉख यांनी 1901 मध्ये लंडनच्या परिषदेत मांडले. त्यावर ब्रिटिश शासनाने नेमलेल्या शाही आयोगाने 1911 पर्यंत चौकशी करून, विशेषतः लहान मुलांना दुधावाटे लागण होते, असा निर्वाळा दिला. तरीही क्षयमुक्त म्हणून प्रमाणित कळपांची ऐच्छिक योजना 1935 मध्ये आली आणि सक्तीची क्षेत्रवार मोहीम 1950 मध्ये. 1960 पर्यंत देशभरातील कळप नियमित चाचणीखाली आले.

चाचणी तुलनात्मक असते. मानेवरील दोन जागांचे केस कातरून वर पक्षिजन्य (पक्ष्यांच्या क्षयजंतूपासूनचे) व खाली गोजन्य (गुरांच्या क्षयजंतूपासूनचे) ट्युबरक्युलिन त्वचेत टोचतात आणि सुमारे 72 तासांनी त्वचेच्या घडीची जाडी कॅलिपरने पुन्हा मोजतात. गोजन्य जागेची वाढ पक्षिजन्य जागेच्या वाढीपेक्षा 4 मिमी.हून अधिक भरली, तर प्रमाण निकषानुसार जनावर बाधित धरतात. कडक निकष लावल्यास ही मर्यादा 2 मिमी. असते. पक्ष्यांतील क्षयजंतू किंवा जोन्स रोगाचा (गुरांच्या आतड्यांचा जुनाट रोग) जंतू यांच्या संपर्कामुळेही गुरांत प्रतिक्रिया उमटते, म्हणून ही दुहेरी टोचणी. तिच्यामुळे निरोगी जनावर चुकून बाधित ठरणे फार विरळ. उलट बाधित जनावर निसटण्याचे प्रमाण दुर्लक्षिण्याजोगे नाही. त्यामुळे ही चाचणी एकेका जनावरापेक्षा कळपाची म्हणून अधिक भरवशाची मानावी लागते. बाधित जनावरांची भरपाई देऊन कत्तल होते, कळपातील गुरांच्या ने-आणीवर निर्बंध येतात आणि साधारण 60 दिवसांच्या अंतराने फेरचाचण्या होतात. इंटरफेरॉन-गॅमा ही रक्तचाचणी पूरक म्हणून वापरतात.

रोग नैर्ऋत्य इंग्लंडमध्ये पुन्हा का बळावला, याबद्दल मतभेद आहेत. ग्लॉस्टरशरमध्ये 1971 मध्ये क्षयबाधित बॅजर मृत सापडल्यापासून या वन्यप्राण्याकडे बोट दाखविले जाते. साधारण 1998 ते 2005 या काळात झालेल्या यादृच्छिक क्षेत्रप्रयोगात बॅजर मारलेल्या भागात गुरांतील रोग घटला, पण सभोवारच्या पट्ट्यात वाढला. तेव्हा 2007 च्या अहवालात हा प्रयोग पाहणाऱ्या स्वतंत्र शास्त्रीय गटाने गुरांवरील नियंत्रणे कडक करण्यावर भर दिला. शासनाचे तत्कालीन मुख्य वैज्ञानिक सल्लागार डेव्हिड किंग यांनी याच पुराव्यावरून बॅजर हटविण्याची बाजू घेतली आणि इंग्लंडमध्ये 2013 पासून परवान्याने बॅजर मारणे सुरू झाले. बॅजरमुळे लागण होते, हे नाकारता येत नाही. परंतु 2001 च्या लाळ्या-खुरकत साथीत चाचण्या खंडित झाल्या, नंतर रिकाम्या गोठ्यांसाठी गुरे दूरदूरहून आणली गेली आणि रोग नव्या भागांत पोहोचला. हे पाहता चाचणीतून निसटलेल्या गुरांना अधिक महत्त्व देणारे मत सयुक्तिक वाटते. स्कॉटलंडला 2009 मध्ये क्षयमुक्त दर्जा मिळाला. इंग्लंडने त्यासाठी 2038 हे लक्ष्य ठेवले आहे. बीसीजी लस दिलेल्या गुरातही ही त्वचाचाचणी होकारात्मक येऊ शकते, म्हणून लसीकरणाआधी भेद करणारी वेगळी चाचणी लागते.

भारतात चाचणी व कत्तल ही जोडी बहुतांश राज्यांतील गोवधबंदीमुळे बसत नाही. महाराष्ट्रात 2015 पासून बैल व वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे येथे बाधित जनावर वेगळे बांधणे आणि दूध उकळून वापरणे हेच मार्ग उरतात.