भुंगेऱ्याची वाट आणि गवताची अडवणूक : पार्श्वभूमी

जमिनीवर धावून शिकार करणाऱ्या कॅराबिड कुळातल्या भुंगेऱ्यांचे बहुतेक सर्वेक्षण एकाच साधनावर चालते : जमिनीत पुरलेला, ७ ते १० सेंटीमीटर तोंडाचा कप, म्हणजेच सापळा. वर पावसासाठी छप्पर, तळाशी पाणी मिसळलेले प्रोपिलिन ग्लायकॉल, म्हणजे पडलेले प्राणी टिकवणारे द्रव. भुंगेरा चालत येतो आणि आत पडतो. त्यामुळे कपात जमा होते ती भुंगेऱ्यांची संख्या आणि त्यांची चाल दोन्ही मिळून. यातली चाल आजूबाजूच्या गवतावर, पाचोळ्यावर, ढेकळांवर ठरते, हे उशिरा लक्षात आले.

जर्मन प्राणिशास्त्रज्ञ बेर्न्ट हायडेमान यांनी १९५७ मध्ये या गोष्टीला ‘राउमविडरश्टांड’ असे नाव दिले, म्हणजे जागेने चालीला केलेला विरोध. दाट गवतात भुंगेऱ्याला सरळ जाता येत नाही. काडीला अडतो, वळसा घेतो, चढतो, पुन्हा खाली येतो. तेवढ्याच वेळात उघड्या जमिनीवर तो कितीतरी पुढे गेला असता. सगळ्यांनाच हा विरोध सारखा होत नाही. अनेक कॅराबिडांच्या मागच्या पायाच्या मुळाशी मोठा, फुगीर भाग असतो. त्याच्या जोरावर ते चपटे अंग पाचरीसारखे फटीत घुसवतात आणि रेटून वर उचलतात. लांब, सडपातळ पायांचे धावपटू मात्र दाटीत अडखळतात.

१९६४ च्या एका निबंधात संशोधक ग्रीनस्लेड यांनी सापळ्याभोवतालची वनस्पती पकड (सापळ्यात पडलेल्यांची संख्या) बदलते आणि ती प्रत्येक जातीत वेगळी बदलते, हे दाखवले. या निबंधाचे महत्त्व आजही कमी लेखले जाते. सापळ्याभोवती गवत साफ केले की वाट मोकळी होते आणि आकडा फुगू शकतो. म्हणून एका जागी साफ आणि दुसऱ्या जागी तसेच ठेवून तुलना करू नये. कपाची कड जमिनीवर दोन-तीन मिलिमीटर जरी उभी राहिली तरी लहान भुंगेरे कडेने फिरून निघून जातात. पावसाने भोवतीची माती वाहून गेली की हेच होते, तेव्हा प्रत्येक फेरीत कड हाताने तपासावी लागते. सापळा नुकता पुरल्यावर पहिली पकड बहुधा जास्त येते. ती तुलनेत घेऊ नये.

चाल प्रत्यक्ष पाहण्याचे काम नेदरलँड्समध्ये झाले. बार्स यांनी १९७९ मध्ये भुंगेऱ्यांवर किरणोत्सर्गी इरिडियमची खूण लावून त्यांचा माग काढला. काही दिवस प्राणी लहानशा जागेत घुटमळतो, मग एकदम एका दिशेने लांब मजल मारतो. प्रजननाच्या संपूर्ण हंगामातली पकड एकत्र घेतली तर एकाच जातीच्या घनतेची तुलना बऱ्यापैकी विश्वासार्ह ठरते, हेही त्यांनीच दाखवले. पुढे स्वीडनमध्ये पाठीवर छोटा डायोड (रडारच्या लहरींना प्रतिसाद देणारा इलेक्ट्रॉनिक भाग) चिकटवून रडारने माग काढण्याची पद्धत आली.

रस्त्यांचा प्रश्न वेगळा आहे. डांबरावर चालायला काही अडत नाही, तरी जंगलातले भुंगेरे ते टाळतात. हान्स-योआखिम माडर यांनी १९८४ मध्ये खुणा केलेले प्राणी पुन्हा पकडून पाहिले, तेव्हा रस्ता ओलांडणारे अगदी थोडे निघाले. २००३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये कॅराबस व्हायोलेशियस या न उडणाऱ्या भुंगेऱ्याच्या जनुकांतही मोठ्या रस्त्यांमुळे झालेली तुटातूट दिसली.

आपल्याकडच्या कोरड्या माळांवर सहा पांढऱ्या ठिपक्यांचा अँथिया सेक्सगुटाटा हाही न उडणाराच, सगळा प्रवास पायी करणारा. चराई झालेला माळ आणि राखलेले गवत यांची तुलना करताना चराईच्या जागी हा जास्त सापडला, तर त्याला तिथे फिरणे सोपे गेले असणेही शक्य आहे. म्हणून सापळ्यागणिक गवताची उंची आणि झाकलेल्या जमिनीची टक्केवारी नोंदवावी, आणि जमल्यास खुणा करून पुन्हा पकडण्याची जोड द्यावी.